हवेतून बी लागतं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — माझं तोंड तुम्हाला रोज बघावं लागणार नाही.

कोरोनाच्या पहिल्या साली निलंग्याजवळच्या आमच्या गावानं वेशीवर बाभळीचे काटे टाकले. पुण्याहून परतलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचे. मी शिक्षक, म्हणून घरोघरी ताप बघत फिरायचं काम माझ्याकडं. मान होता हो त्यात! ज्याच्या घरी ताप निघेल त्याच्याही दारात काटे — ही रीत सुचवली कुणी? मीच.

पुण्यातलं काम बंद पडलं तशी सुनंदा गावी परत आली. तिला शाळेत ठेवलं. घरी तिचे वडील, दगडूआप्पा, एकटेच. ती खिडकीत, आप्पा पलीकडच्या रस्त्यावर — बोलणं एवढंच.

आणि एका सकाळी मला फोडणीचा वास येईना. अंगात कणकण. कळलं नाही, असं म्हणू? कळलं होतं. पण काटे — गुरुजींच्या दारात? गोळी घेतली आणि निघालो. कुणी म्हणालं, आधी तुमचा ताप बघा; मी हसून टाळलं. आप्पांना कमी ऐकू यायचं. बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावताना मास्क खाली ओढून कानाशी बोलायचो. आठवडाभर. त्या दिवसांत त्यांच्या घरात माझ्याशिवाय कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

आप्पांना लातूरला नेलं, ते परत आलेच नाहीत. गावानं ठरवून टाकलं — पोरीनं आणलं, बापाला खाल्लं. तोंडावर म्हणाले तिच्या.

तिनं खिडकीतून मला विचारलं, "गुरुजी, म्या तर लांबूनच बोलले. तरी लागलं असंल का?"

चार जण ऐकत होते. मी म्हणालो, "हवेतून बी लागतं, पोरी."

तिनं खिडकी लावून घेतली. भ्यालो होतो म्हणू? भ्यालेला माणूस गप्प बसतो. मी बोललो — आणि बोलल्यावर मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला अजून किळस येते.

मागच्या महिन्यात सुनंदा औशाच्या स्टँडवर भेटली. लेकीला माझ्या पाया पडायला लावलं. स्वतः मात्र लांबच, तोंडाला पदर लावून. म्हणाली, म्हाताऱ्या माणसांच्या जवळ ती आता जातच नाही. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडी लागली तसा चढून बसलो.