दहा दिवसांचा दिवा

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. जोगेश्वरीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये, बाहेरच्या खोलीत ते झोपेतच गेले. त्या जागी आईने दिवा लावला. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तिसऱ्या रात्री पंख्याच्या वाऱ्याने तो विझला आणि आईने जो आकांत केला, तो बघून माझं डोकंच फिरलं. रडू यायच्या ऐवजी मला राग येतो, हा माझा जुना दोष. दुसऱ्या दिवशी रागारागातच मी कोपऱ्यातल्या होल्डरला पांढराशुभ्र एलईडी बल्ब लावला. म्हटलं, "हा घे तुझा दिवा. वादळ आलं तरी विझणार नाही."

नाहीच विझला. दहावं झालं, तेरावं झालं, बल्ब चालूच. आई खाली गादीवर झोपायची आणि मी समोर दिवाणावर, डोळ्यांवर ओढणी बांधून. बंद करायचा विषय काढला की ती म्हणायची, "राहू दे गो." मीही नाद सोडला.

मग तिची साखर वाढायला लागली, उपाशीपोटीचीसुद्धा. भात कमी केला, चहा बिनसाखरेचा केला, गोळी वाढवली, तरी प्रत्येक रिपोर्ट आधीच्यापेक्षा वाईट. ती चोरून खाते अशी माझी खात्री झाली. ती बाजारात गेली की मी डबे उघडायचे, उशीखाली बिस्किटं शोधायचे. एकदा तर शेजारणीला तोंडावर विचारलं, "तुम्ही तिला गोड देता का हो?" आईने ते ऐकलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवली मात्र मुद्दाम माझ्यासमोर बसून.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चाललं तर इन्सुलिन. आईचा चेहराच उतरला. तिच्या बहिणीचा पाय याच दुखण्यात गेला होता. मग बाईंनी विचारलं, "झोप कशी आहे? रात्री खोलीत अंधार असतो ना?" मी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं सांगितलं. रात्रभर उजेड असला की शरीराला रात्र झाल्याचं कळत नाही, झोप तुटते आणि साखर आवरणंही त्याला जड जातं, असं त्यांनी सांगितलं. सगळा दोष दिव्याचा नसेलही, पण आधी तो बंद करा. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं केलं होतं मी. आणि चोर घरात आणलाही मीच.

त्या रात्री मी बटण बंद केलं. थोड्या वेळाने आईने उठून ते चालू केलं. मी पुन्हा बंद केलं, तिने पुन्हा चालू केलं. मग मी ओरडलेच, "पाय घालवायचाय का तुला? बाबा गेले ना! कोणासाठी जाळतेस?"

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "त्या रात्री मी लाईट घालवून ह्यांच्या बाजूला निजले होते. ते कधी गेले मला कळलंच नाही गो. सकाळी हात लावला तर गार. उजेड असला की तुझी छाती वरखाली होताना दिसते."

म्हणजे इतके महिने ती झोपलीच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मला भयंकर लाज वाटली. दिवाणावरची गादी ओढून मी तिच्या शेजारी टाकली, बल्ब बंद केला आणि तिचा हात माझ्या पोटावर ठेवला. "हात लावून बघ." ती बराच वेळ चाचपत राहिली. मध्येच विचारायची, "निजलंस गो?" मी म्हणायचे, "हो." पहाटेकडे तिचा हात जड झाला, बोलणं थांबलं. तिला गाढ झोप लागली असावी. अंधारात काहीच दिसत नव्हतं. मी तिच्या नाकापाशी बोटं धरली. ऊन श्वास लागत होता, तरी ती काढून घ्यायची माझी हिंमत होईना.