खालच्यांचा घास

हेडली ट्रेनाउथचा जगात कुणावर भरवसा नव्हता. बायकोने चहा दिला तरी आधी वास घेणार. विश्वास फक्त दोहोंवर: रविवारच्या वाफेच्या गाडीवर आणि खाणीतल्या भुतांवर. तांब्याची खाण बंद होऊन जमाना झाला, पण हौशी मंडळींनी तिची जुनी गाडी चालू ठेवली होती आणि हेडली तिचा गार्ड होता.

खाणीच्या तोंडाशी गाडी मंदावली की तो डब्यातून ओरडे, "चला, पेस्टीची कड टाका खाली! खालच्यांना घास नाही दिला तर खडक सोडतात मेले!" पेस्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी; तिची जाड कड खाणीतल्या भुतांसाठी टाकायची, ही कॉर्निश खाणकऱ्यांची रीत. त्याचा बाप याच खाणीत गाडला गेला होता. त्या दिवशी भुकेपोटी त्याने कडही खाल्ली, असं आई मरेपर्यंत सांगे.

तिथलाच रुळांखालचा भराव यंदा खचू लागला. तपासनीस म्हणाला, "महिन्यात कारण सापडलं नाही तर गाडी बंद." कारण मात्र हेडलीने कधीच हेरलं होतं: शेजारच्या कुरणाचा मालक, लुट्झ झ्वार.

"गाडी थांबली की जमीन त्याच्या घशात," तो बायकोला म्हणाला. "फावडं घेऊन फिरतो की भरावावर!"

"गेल्या साली तुझ्या कोंबड्या दूधवाला चोरत होता, नाही का रे?" व्हर्ना म्हणाली.

पुढच्या रविवारी काम दुसऱ्यावर सोपवून हेडली झुडपात दबा धरून बसला. झ्वार आला. हातात फावडं होतंच. तेवढ्यात गाडीची शिटी झाली, खिडक्यांतून कडा पडल्या आणि भरावातून ससे निघाले. एक, दोन, मग अख्खं खानदान. ते खायला लागले तसा झ्वार त्यांच्या रिकाम्या बिळांत दगड ठासू लागला.

"ये बाहेर, हेडली," तो मागे न बघता म्हणाला. "वर्षभर बुजवतोय मी. तुझी भुतं फार बाळंत होतात, बाबा!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा आलो होतो. दार उघडलंस कधी?"

हेडलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

पुढच्या खेपेला गाडी तिथे मंदावली. प्रवासी कडा हातात धरून त्याच्या हाकेची वाट बघत होते. हेडलीला बाप दिसत होता.

"खाऊन टाका," तो कसाबसा म्हणाला. "आजपासून खाली काही टाकायचं नाही." स्वतःची कड त्याने तोंडात घातली.

खाली झ्वार घाम पुसत उभा होता.

"उद्या मीही येतो रे दगड भरायला!" हेडली दारातून ओरडला.

"ये," झ्वार म्हणाला. "पण मी उभा राहून बघणार. तुझा काय भरवसा!"