आखाजीच्या दुपारी शेतात कोण होतं?

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली की ती केस मला आजही आठवते. धुळे शहर अमळनेर रस्त्याच्या बाजूने भराभर पसरत होतं. माझं पोलीस ठाणं त्याच टोकाला. चांगल्या काळ्या जमिनीत प्लॉटच्या पाट्या रोवलेल्या पाहिल्या की माझं डोकं फिरायचं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक विधवा अक्का फिर्याद द्यायला आल्या. रस्त्यालगत त्यांचं वांगी-मिरचीचं शेत; माल रोज शहरात जायचा. आदल्या दुपारी कुणीतरी ठिबकच्या नळ्या कापल्या होत्या आणि विहिरीवरची मोटारही फोडली होती.

"झाडं सुकी राह्यनात, साहेब. आते पानी नही भेटनं ते बठ्ठं वावर गयं समजा."

वर ते खान्देशी ऊन. बाई खरं तेच सांगत होती.

पंचनामा करून परततो, तोच एक जमीन-दलाल ठाण्यात हजर. सोबत साक्षीदार. अक्कांच्या चुलत दिराला, म्हणजे शेजारच्या नानांना, या साक्षीदाराने म्हणे नळ्या कापताना पाहिलं होतं. बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, हे गावाला ठाऊक होतं. पण न बोलावता आलेला साक्षीदार मी आधी हुंगून पाहतो.

नानांना चौकशीला आणलं. "भांडन शे, साहेब. पन उभं पीक मारानं पाप मी नही करस."

दुपारी कुठे होता, विचारलं तर मान खाली. शेवटी पुटपुटले, "पत्ता खेयत व्हतू."

आखाजीला इकडे घरोघर पैसे लावून पत्ते रंगतात, पण ठाणेदारासमोर ते कबूल करायला छाती लागते. एक आरोप टाळायला माणूस सहसा दुसरा ओढवून घेत नाही.

मग साक्षीदाराला एकट्याला बसवलं. चहा मागवला. पढवून आणलेल्या माणसाला मी कधीच दरडावत नाही, बोलू देतो. जबाब पक्का करण्याच्या नादात तो म्हणाला, "नानांच्या शेतात बायका निंदणी करत होत्या. त्यांच्याकडेच पाणी प्यायलो."

ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना.

"गाव कुठलं रे तुझं?"

तो बाहेरच्या जिल्ह्यातला निघाला. आखाजीला खान्देशात सालदार गडीसुद्धा वावरात पाय ठेवत नाही, लेकी माहेरी झोक्यावर असतात, आणि याच्या साक्षीत बायका निंदणी करत होत्या! एवढं ऐकवल्यावर त्याचा चहा कपातच राहिला. मग त्याने सगळं कबूल केलं: तो तिथे गेलाच नव्हता. नळ्या दलालाच्या माणसांनी कापल्या होत्या. दोन्ही शेतं मिळाल्याशिवाय त्याचा प्लॉटचा नकाशा जुळत नव्हता. अक्कांचं पीक वाळलं आणि नाना कोठडीत गेले, की दोन्ही शेतं आपोआप विकायला निघणार होती. त्याच संध्याकाळी दलालाला मी त्याच्या ऑफिसातून उचललं.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. नाना आपल्या विहिरीचा पाइप बांधावरून अक्कांच्या वांग्यांत सोडत होते. अक्का पलीकडे पाठमोऱ्या, सरीत पाण्याला वाट करून देत होत्या.

"मिटलं वाटतं भांडण?" मी विचारलं.

"कशानं मिटस!" नाना ठसक्यात म्हणाले. "पन भांडन वहिनीसंगे शे, वांगासंगे नही."

शेत गिळणारा आधी बांधावरची भांडणं शोधतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुढे दलालावर दोषारोपपत्र मी पाठवलं. शेत मात्र नानांच्या पाइपाने आधीच वाचवलं होतं.