वहिनीनं खरं नाव सांगितलं

माझी वहिनी तशी भित्री बाई. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणार. त्याच वहिनीला मी एका दुपारी जे करताना पाहिलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दादा, वहिनी आणि मी, तिघंही परमुलखात, राहण्याच्या कागदांची मुदत केव्हाच संपलेली. वहिनी आणि मी एका धुलाई कारखान्यात होतो. इस्पितळांच्या चादरी तिथं धुऊन तापलेल्या रोलरमधून इस्त्री व्हायच्या. दोघी बायकांनी टोकं धरून चादर रोलरच्या तोंडाशी द्यायची. त्या तोंडावर एक जाळी असते. हात लागला की मशीन आपोआप बंद. पण त्यानं काम सारखं थांबतं म्हणून मुकादमानं ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती.

बोलणार कोण? महिन्यापूर्वीच शेजारच्या कारखान्यावर धाड पडून अठरा जणांना गाडीत घालून नेलं होतं. तेव्हापासून कुणी कुरकुर केली की मुकादम नुसता दाराकडे बघायचा. आम्ही काय ते समजायचो.

एका सकाळी वहिनीच्या जोडीदारणीचा, जिला आम्ही हसरी म्हणायचो तिचा, हात आत गेला. तीन बोटं गेली. "घरी मशीनमध्ये सापडला म्हणून सांग," मुकादम म्हणाला, आणि इस्पितळात तिनं तसंच सांगितलं. तिथल्या डॉक्टरणीला ते पटलं नसावं, तिनं वर कळवलं असावं.

कारण दहा दिवसांनी हातात फाईल घेतलेला एक माणूस आला. "आले!" कुणीतरी ओरडलं आणि क्षणात सगळे मळक्या कपड्यांच्या खोलीत. मीही ढिगाऱ्याआड. फटीतून पाहतो तर वहिनी मशीनपाशीच उभी!

तिथल्या भाषेत, तोडकंमोडकं का होईना, ती म्हणाली, "साहेब, माणसं धरायला आलात की मशीन बघायला?"

"मशीन," तो म्हणाला. "मी कारखाने तपासतो. कागद बघणं माझं काम नाही."

"मग इकडे या."

तिनं भिंतीची जाळी दाखवली. मग एक टॉवेल उचलून रोलरच्या तोंडाशी धरला. मशीन न थांबता तो गिळून बसलं. "असा गेला तिचा हात," ती म्हणाली. "मी समोर होते."

"लिहून द्याल? नाव लागेल."

हजेरीपटावर वहिनीचं भलतंच नाव होतं. मुकादम पुढं झाला. "बाई, नीट विचार कर हं."

वहिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात स्वतःचं खरं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी ढिगाऱ्यात बसून ऐकत होतो. इतका मोठा आवाज या बाईत होता कुठं?

मशीनला त्याच दिवशी सील लागलं. वहिनीला संध्याकाळी घरी बसवलं. दोन आठवड्यांनी पहाटे दारावर थाप पडली; त्यांच्याकडे नाव एकट्या तिचंच होतं, तिला घेऊन गेले. कुणी कळवलं ते सिद्ध झालं नाही, पण आम्हाला काय ते कळलं.

अकरा आठवडे ती आत होती. दादा निम्मा झाला. पण त्या काळात एक नवल घडलं. थोटा हात घेऊन हसरी त्या फाईलवाल्याकडे गेली आणि खरं काय ते सांगून आली. मग तिच्यामागून एकेक करत चौदा जण गेले. चौदावा मी. सगळ्यांत शेवटी गेलो, खोटं कशाला बोलू.

त्या जबान्यांच्या जोरावर, साक्षीदार म्हणून, वहिनी सुटली. कायमची नव्हे, दर महिन्याला हजेरी द्यावी लागते, राहू देतात की नाही याचा निकाल अजून लागायचाय. हसरीच्या हाताचा खर्च कारखान्यानं भरला, आणि जाळ्या सगळ्या मशीनांवर आल्या.

घरी आली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, भीती नाही वाटली?"

"वाटली ना, भाऊजी. अजून वाटते. पण तिचं ओरडणं माझ्या कानातून जाईना."

आता ती एका हॉटेलात भांडी घासते. परवा तिथल्या जिन्याचा कठडा हलत होता, तर मालकाला हाताला धरून नेऊन दाखवला म्हणे. दादानं कपाळावर हात मारला. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिलो.