शंकाबाईचे प्रायमर

माझ्या धाकटीला घरात सगळे शंकाबाई म्हणतात. लहानपणी ती दूध हुंगल्याशिवाय पीत नसे, कुलूप लावलं की दोनदा ओढून बघे. मोठी म्हणायची, हिला नवरा मिळाला तर आधी तोही उजेडात धरून बघेल. अशा मुलीला अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा मला वाटलं, पोर योग्य जागी पडली.

बकरीच्या दुधाचं म्हणून विकलेल्या चीजमध्ये गाईचं दूध मिसळलंय का, ते डीएनएवरून शोधायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिने प्रायमर तयार केले. प्रायमर म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या छोट्या ओळी. दोन प्रायमर जिथे चिकटतात, त्यांच्या मधल्या तुकड्याच्या पीसीआर यंत्र लाखो प्रती काढतं. ते कुठे चिकटतील आणि केवढा तुकडा मिळेल, हे सॉफ्टवेअर आधीच सांगतं. सॉफ्टवेअरचा निकाल आला: गाईत तुकडा मिळेल, बकरीत काही नाही. जगावर संशय घेणारी माझी मुलगी तेवढ्यावर निर्धास्त झाली. नुसत्या बकरीच्या डीएनएवर तिने चाचणी घेतलीच नाही.

पुढे प्रत्येक चीजमध्ये गाय सापडू लागली. ज्यांच्या गोठ्यात गाय नाही, त्यांच्याही. साहेबांनी अहवाल रोखून धरले.

शंकाबाईला संशय आला तो नमुने कापणाऱ्या मावशींचा. एकच सुरी गाईच्या चीजवरून बकरीच्या चीजवर फिरवत असतील, धुवायचा कंटाळा करत असतील. ती त्यांच्या पाठीशी उभी राहून बघू लागली. मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, मानेवर श्वास लागतो. जरा लांबून संशय घ्या." हिने सगळं साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी मावशींना घरी बसवलं. मलाही वाटलं, बरं झालं.

मग हिने नवीन पातं काढून स्वतः चीज कापलं. गाय हजर. पाणी बदललं, हातमोजे बदलले, तरी हजरच. शेवटी निव्वळ बकरीच्या रक्तातला डीएनए घातला, तर त्यातही तोच तुकडा. आता संशय घ्यायला सॉफ्टवेअरच उरलं होतं. त्यात एक चौकट असते: प्रायमर आणि डीएनए यांच्यात किती अक्षरांचा फरक चालेल? आमच्या बाईंनी तिथे शून्य घातलं होतं. एकाही अक्षराची गय नाही. शून्याच्या जागी तिने दोन घातले, आणि बकरी तेवढाच तुकडा घेऊन समोर उभी राहिली. सॉफ्टवेअरने हिचं ऐकलं होतं. नळीतले प्रायमर मात्र एक-दोन अक्षरांच्या फरकाला भीक घालत नव्हते.

हे तिने जेवताना सांगितलं. नोकरी अजून कायम झालेली नाही. मी म्हटलं, गुपचूप नवे प्रायमर कर, साहेबांना सांगून कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?

"मग मावशी कशासाठी घरी बसल्यात, आई?"

मी भाजी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना शून्यही दाखवलं आणि दोनही. साहेबांनी हिला कायम करणं पुढे ढकललं आणि मावशींना निरोप धाडला.

मावशी आल्या. हिने माफी मागितली. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. पण तुमचे नमुने मी नाही कापणार."

त्या आता शेजारच्या खोलीत धान्याचे नमुने दळतात. चीज शंकाबाई स्वतः कापते. जाता-येता मावशी कधी दारात थांबतात आणि तिच्या हातांकडे बघत राहतात.