दहा मिनिटं पुढे

बाबा घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवायचे. म्हणे ऑफिसला उशीर होत नाही. आयुष्यभर वजाबाकी करून माझं डोकं उठलं होतं. ते वारल्यावर मी घाटकोपरच्या दुकानातून उशाशी ठेवायला गजराचा इंटरनेट रेडिओ मुद्दाम निवडून आणला. दुकानदार म्हणाला, "वेळ नेटवरून येते, हाताने बदलताच येत नाही."

"झकास. हाच द्या."

पहिल्याच सकाळी गजर वाजला, तेव्हा मोबाइल दहा मिनिटं मागे होता. वैतागून मी रेडिओ बंद करून पुन्हा लावला. वेळ बरोबर आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडे एकेक करत दहा मिनिटं पुढे सरकले.

आई चहा घेऊन आली. घड्याळाकडे बघून म्हणाली, "कालच ह्यांना सांगितलं होतं, त्याच्या घड्याळाला हात लावू नका."