उस्तादांचा उलटा हात

उस्ताद कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. दाराची कडी असो, स्टोव्हवरची किटली असो, बाजारात घ्यायचं खरबूज असो. आधी हाताची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग तळवा पुढे करायचा. नवख्याला वाटे, हा माणूस भारीच सोवळा दिसतो. तुम्ही तेव्हा वाशीमला असतात तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

"तळहात लालची असते," ते आम्हाला सांगत. "जे सापडलं ते धरून बसते. उलटा हात फकीर. लागलं का सोडलं."

यातली गोम विजेची होती. जिवंत तारेला तळवा लागला तर बोटं आपोआप मिटतात आणि माणूस तारेला चिकटतो. उलटा हात लागला तर तोच झटका हात मागे फेकतो. त्यामुळे तार बंद आहे की चालू हे बघायला उस्ताद सुक्या बांबूच्या शिडीवर उभे राहत आणि उलटा हात हळूच टेकवत. शिडीवरच्या माणसाला हलकीशी झिणझिण कळते, तेवढंच. लोखंडी खांबाला बिलगलेल्या माणसानं तीच तार धरली तर मात्र खेळ खलास. आज कोणी अशी परीक्षा करील तर त्याला नोकरीवरून काढतील आणि तेच बरोबर होईल. पण तेव्हा आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. युद्ध चालू होतं, तांब्याची तारसुद्धा वशिल्यानं मिळे.

वाशीमला वीज यायची होती. स्टेशनकडच्या बाजूला एका कंपनीनं तेलाचं इंजन बसवलं होतं आणि गावातून खांब उभे करणं चाललं होतं. खांब म्हणजे रेल्वेनं टाकून दिलेले जुने रूळ. त्यांवर चढायला आम्हा आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांना घेतलं होतं. आम्ही नांगर धरलेली माणसं. झाडावर चढायचं तर चिंचेसाठी, नाहीतर मधासाठी. खांबाला फांद्या नसतात हे आम्हाला पहिल्या दिवशीच नीट कळलं.

शिकवायला उस्ताद होते. वाशीमचेच. आधी लग्नाच्या वरातींतल्या गॅसबत्त्या दुरुस्त करत, मग जिनिंगमधल्या डायनामोवर लागले, मग कुठल्या तरी मोठ्या शहरात तारांचं काम शिकून परत आले. उंच, वाकलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली. रागावले की हिंदीत आणि प्रसन्न असले की आमच्यासारखं वऱ्हाडीत बोलत. त्यामुळे आम्ही आधी भाषा ओळखायचो आणि मग जवळ जायचो.

त्यांची शिकवण्याची रीत त्यांचीच होती. पायात दोरीचा फास घालून, कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकून वर चढायचं, हे कोणीही शिकवील. उस्ताद पुढचं शिकवत. दुपारची भाकर आम्हाला खांबावर खायला लावत. पट्ट्यावर भार टाकून मागे रेलायचं, दोन्ही हात मोकळे सोडायचे, भाकरीचं फडकं उघडायचं आणि चटणी न सांडता भाकर संपवायची. "भुकेल्या माणसाले भेव याद राहत नाही," असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावर ही गर्दी जमे. एका म्हातारीनं आम्हा सगळ्यांना खांबाखांबावर जेवताना पाहिलं आणि उस्तादांना विचारलं की या पोरांच्या घरच्यांनी यांना घराबाहेर काढलं का. उस्ताद तिला गंभीरपणे म्हणाले की हो माय, फार खातात म्हणून.

आमच्यातला किन्हीराजाचा गणपत उंचीला सगळ्यात जास्त घाबरे. पहिले काही दिवस त्याची भाकर खालीच पडे आणि कुत्री खात. उस्तादांनी त्याला हाकललं नाही. ते शेजारच्या खांबावर स्वतः चढत, आपलं फडकं उघडत आणि गणपतशी ज्वारी कशी आली, बैल किती वर्षांचे झाले, असं काहीबाही बोलत बसत. एक दिवस बोलता बोलता गणपतची भाकर संपली. तो खाली उतरला तेव्हा उस्तादांपेक्षा आम्हालाच जास्त आनंद झाला होता. त्या दिवसापासून गणपतनं त्यांना गुरूच्या जागी नेऊन बसवलं.

आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हातांना देवाच्या जागी. त्याला कारणं होती. किटली आगीवरून उतरवताना ते फडकं घेत नसत. बिडी बोटांपर्यंत जळून यायची, वास सुटायचा आणि तरी यांचं बोलणं चालूच. एकदा तारेनं त्यांचा अंगठा कापला, रक्त पट्ट्यावर ओघळलं, ते आम्ही दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. आम्ही एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. काय कसलेला हात! आम्हीही मग निखारे उचलून बघू लागलो, गरम पितळी हातात धरून पैजा मारू लागलो. "उस्तादाच्या हातात करंट आपोआप मरते," असं गणपत चहाच्या दुकानात सांगत फिरे. शेतकऱ्याच्या पोरांना हाताचे घट्टे म्हणजे इभ्रत. त्या हातांना काही कळत का नाही, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

इंजन सुरू झालं. काही दुकानांत पारखण्यापुरते दिवे दिले होते, त्यांतला एक चहाच्या दुकानात होता. एका सकाळी बाजाराच्या रस्त्यावरची ढिली तार ताणायची होती. त्या रस्त्याची वीज बंद करा असा निरोप सायकलीवरून इंजनघरात गेला आणि 'बंद केली' असा निरोप परत आला. उस्ताद शिडीवर चढले. उलटा हात तारेला टेकवला, क्षणभर थांबले, पुन्हा टेकवला.

"थंडी हाये. चढ गणपत."

गणपत रुळाच्या खांबावरून सरसर वर गेला. पट्टा टाकला, मागे रेलला, हात तारेकडे नेला.

तेवढ्यात उस्तादांची नजर खाली चहाच्या दुकानात गेली. तिथला दिवा, याच तारेवरचा, भर उन्हात जळत होता.

ओरडायला वेळ नव्हता. त्यांनी हातातली पक्कड गणपतच्या मनगटावर फेकून मारली. गणपत कळवळून मागे झाला, पट्ट्यावर लोंबकळला आणि वाचला. खाली आला तेव्हा त्याचं मनगट सुजलं होतं आणि त्याला काहीच उमगलं नव्हतं. उस्ताद मात्र शिडीवरच होते. त्यांनी पुन्हा एकदा त्या जिवंत तारेला उलटा हात लावला आणि लावून ठेवला. आम्ही खालून बघत होतो. त्यांचा चेहरा मी विसरलो नाही. भीती नव्हती त्यावर. घरातलं कोणी गेल्याची खबर ऐकावी, तसा तो झाला होता.

कंपनीचे साहेब धावत आले. इंजनघरातल्या माणसानं भलताच खटका ओढला होता, हे लगेच उघड झालं. पण तो रडकुंडीला येऊन म्हणत होता की उस्तादांनी तार पाहिली होती, मग त्यांना कसं कळलं नाही? साहेबांनी स्वतःच त्यावर उत्तर काढलं: उस्तादांनी पाहिली तेव्हा तार बंदच असणार, या गाढवानं नंतर चालू केली. त्या माणसाची नोकरी तिथल्या तिथे जाणार होती, कदाचित पोलीसही आले असते. उस्तादांना फक्त मान हलवायची होती. साहेबांनी तर त्यांच्यासाठी वाट झाडून ठेवली होती.

उस्ताद शिडीवरून उतरले. कमरेचा पट्टा सोडून त्यांनी जमिनीवर ठेवला आणि त्यापासून चार पावलं मागे सरकले.

"साहेब, मी हात लावला तवाच तार जिवंत होती," ते म्हणाले. "माह्याच हाताले समजत नाही आता. मनगटाच्या खाली काहीच समजत नाही."

मग त्यांनी बाही वर केली. कोपराजवळ फिकट, गुळगुळीत चट्टे होते. गर्दीतल्या कोणीतरी हलक्या आवाजात 'रक्तपिती' म्हटलं आणि रस्ता मोकळा झाला. मघापर्यंत ज्यांना खेटून उभे होतो त्यांच्याभोवती अख्खं बैलगाडीचं वळण घेता येईल एवढी जागा झाली. तिथून हललो नव्हतो ते आम्ही काही जण, तेही कशानं, मला सांगता येणार नाही. पाय उचललेच नाहीत एवढं खरं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं टाचणी टोचून महारोगाची खात्री केली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांचाही इलाज नव्हता. पट्टा जाळायचा हुकूम झाला. गणपतनं तो जाळला नाही. राखेनं घासून, उन्हात वाळवून तो स्वतः वापरू लागला. आम्ही त्याला समजावलं तर म्हणाला, "या पट्ट्यानं मले वर जेवाले शिकवलं."

उस्तादांचं घर गावाच्या टोकाला एका अरुंद गल्लीत होतं. गल्लीनं ठरवलं की बायकापोरांनी राहायला हरकत नाही, पण उस्तादांनी इथे पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर सगळ्यांनीच घर सोडायचं. उस्ताद एका शब्दानं भांडले नाहीत. निघून गेले. कोणी म्हणे बऱ्हाणपूरला गेले, कोणी म्हणे पोहरादेवीच्या जत्रेत मागणाऱ्यांच्या रांगेत दिसले.

पुढे गावातल्या गल्ल्यांतून दिवे लागत गेले आणि आम्ही खांब घेऊन त्यांच्या गल्लीत पोचलो. शेवटचा खांब नेमका त्यांच्या दारासमोर येत होता. तार ओढून झाली. दिवा लावायला गणपत चढणार तोच दाराच्या पडद्याआडून उस्तादांच्या बायकोचा, आमच्या भाभींचा, आवाज आला.

"भाऊ, इथं दिवा नोका लावू."

आम्हाला वाटलं, खर्चाची भीती असेल. हा दिवा सगळ्यांचा असतो, घरातून काही द्यावं लागत नाही, असं मी समजावू लागलो.

"बाजाराच्या दिवशी अंधार पडला का ते येतात," त्या म्हणाल्या. "आत येत नाहीत. दाराले हात लावत नाहीत. त्या समोरच्या भिंतीपाशी बसतात. मी दार उघडं ठेवून पोरायले वाढते. ते पाहून जातात. उजेड पडला तर लोकायले दिसन."

गणपत खांबाजवळ उभा होता. त्यानं दिवा फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवून दिला.

साहेब विचारत, तो खांब रिकामा का? आम्ही कधी दांडी वाकली म्हणत असू, कधी तार बसवायचा चिनी मातीचा कप फुटला म्हणत असू. आम्हा सगळ्यांची थापेबाजी एकमेकांशी नीट जुळायची, एवढं एकच काम आम्ही चोख केलं. गावभर उजेड झाला आणि तेवढा तुकडा काळा राहिला. गल्लीतले लोक कंपनीला शिव्या देत. आम्ही त्या खात असू. बाजाराच्या दिवशी अंधार पडू लागला की मी मुद्दाम त्या बाजूला फिरकत नसे. भेटावंसं फार वाटे. पण त्यांनी मिळवलेला तो अंधार त्यांचा होता, त्यात आपण जाऊन उभं राहू नये, असंही वाटे.

पावसाळा सरला, थंडी पडली. कापसाच्या गाड्या येऊ लागल्या. एका सकाळी कंपनीच्या कचेरीच्या पायरीशी बुरखा घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. आवाजावरून ओळखलं. मी पुढे झालो, गणपतही आला. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत.

"भाऊ," भाभी म्हणाल्या, "आता लावून टाका तो दिवा."

गणपतनं त्याच संध्याकाळी खांबावर चढून दिवा लावला. गल्लीतली माणसं बाहेर आली, पोरं ओरडत उजेडात नाचू लागली. भाभींचं दार बंद होतं. समोरची भिंत लख्ख दिसत होती, आणि तिच्या पायथ्याशी, माणूस बसून बसून होते तशी, माती गुळगुळीत झालेली होती. एका म्हाताऱ्यानं आम्हाला दटावून विचारलं की एवढ्याशा कामाला इतके दिवस काहून लावले. गणपत खाली उतरला, आम्ही शिडी उचलली आणि निघालो.